उतार, धुके आणि परत बोलावलेली वाहने

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या बहुतेक आगगाड्यांना कसाऱ्यास पाठीमागून जादा इंजिनांचा जोर लावावा लागतो, आणि उलट दिशेने येणाऱ्या गाडीस घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीस थांबवून तिच्या ब्रेकांची तपासणी केली जाते. थळ घाटातील हा लोहमार्ग १८६५ च्या जानेवारीत खुला झाला. सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ वा उतार, असे त्याचे प्रमाण असून ब्रॉडगेज मार्गांवर इतका तीव्र चढ देशात क्वचितच आढळतो. उतरणारी गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला मुख्य मार्गावरून बाजूस काढून चढावर चढवून थांबविणारे स्वतंत्र रूळ या घाटात टाकलेले आहेत. १९३० साली येथे विजेची इंजिने आली आणि त्यांतील एका जातीस, तिच्या चालीवरून व आवाजावरून, रेल्वेच्या माणसांनी ‘खेकडा’ हे नाव दिले. परंतु इंजिने बदलली तरी उतारापूर्वी तपासणी करण्याचा दंडक बदलला नाही. यंत्र कितीही उत्तम असले तरी त्यात कसूर असू शकतो, तो कसूर सपाटीवर झाकून राहतो आणि घाटात उघडा पडतो, म्हणून घाटाच्या तोंडाशीच त्याचा शोध घ्यावा, हा व्यवहार रेल्वेने पुरा ओळखला होता.

याच डोंगरातून, लोहमार्गापासून हाकेच्या अंतरावर, मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाट उतरतो. त्याच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही वाटांनी रात्रंदिवस मालमोटारी, एस.टी. गाड्या, खासगी मोटारी, दुचाकी आणि भाजीपाल्याच्या पिकअप धावतात. आणि त्यांपैकी एकीलाही घाटमाथ्यावर थांबवून कोणी तिचे ब्रेक, तिचे दिवे, तिची काच पाहत नाही. आगगाडीसारखी प्रत्येक मोटार थांबवावी असे कोणी सुचवणार नाही, आणि ते शक्यही नाही. ज्या तपासणीचा बंदोबस्त रेल्वेने घाटाच्या तोंडाशी केला, तीच तपासणी मोटारीच्या बाबतीत दोन ठिकाणी व्हावयास हवी : गाडी विकत घेताना तिच्यावर काय बसविले आहे याच्या निवडीत, आणि गाडी विकली गेल्यानंतर तिच्यातील दोष उत्पादकाने कबूल करून ती परत बोलावण्याच्या व्यवस्थेत. ही दोन्ही ठिकाणे आज इगतपुरीच्या दृष्टीने कितपत भक्कम आहेत, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हवामानाचा विचार करू. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेवर वसलेली आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे ठाणे जिल्ह्याची सपाटी ओलांडून या कड्यावर आदळतात, वर चढताना थंड होतात आणि आपला भार येथेच उतरवितात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या गावाच्या वाट्याला येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे जे दाटते त्यास आपण धुके म्हणतो खरे, पण पुष्कळदा तो डोंगरावर टेकलेला ढगच असतो, आणि म्हणूनच उत्तर हिंदुस्थानातील हिवाळी धुक्याप्रमाणे तो ऊन वर येताच विरत नाही. तो भर दुपारी येतो, पावसासह येतो, आणि एका वळणावर लख्ख दिसणारा रस्ता पुढच्याच वळणावर पुसून टाकतो. हिवाळ्यात येथे बर्फ पडत नाही. जिल्ह्यातील निफाडचा पारा चार-पाच अंशांपर्यंत घसरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तरी तेवढ्या थंडीने इंजिन गोठत नाही. इगतपुरीची थंडी ओली आहे, आणि ती इंजिनाला गाठण्याआधी काचेला गाठते.

काचेचे हे प्रकरण जरा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण घाटातील पावसाळी अपघातांची चर्चा वेग आणि बेफिकिरी यांच्यावरच येऊन थांबते आणि दिसेनासे होण्याची ही साधी कारणे मागे राहतात. चार माणसे बंद गाडीत बसली, त्यांचे कपडे भिजलेले असले, आणि बाहेरच्या पावसाने काच थंड पडलेली असली, म्हणजे त्यांच्या श्वासातील आणि कपड्यांतील ओल काचेच्या आतल्या अंगाला वाफेच्या रूपाने धरते. चालक हाताने, फडक्याने, कधी वर्तमानपत्राच्या बोळ्याने ती पुसतो आणि मिनिटाभरात ती पुन्हा धरते. यावर खरा उपाय म्हणजे वातानुकूलन यंत्र चालू करून त्याची कोरडी हवा काचेवर सोडणे, कारण ते यंत्र हवा थंड करताना तिच्यातील पाणीही काढून घेते. मात्र आतलीच हवा पुन्हापुन्हा फिरविणारे बटन चालू राहिले तर आतली ओल आतच राहते आणि सारा उपाय व्यर्थ जातो. याच्या नेमके उलट, घाट उतरून कसाऱ्याच्या दमट, उबदार हवेत आल्यावर, आतून फार गार झालेल्या काचेच्या बाहेरच्या अंगावर दव जमते. तेव्हा आतून कितीही पुसले तरी उपयोग नसतो, बाहेरचा वायपर चालवावा लागतो आणि आतला गारवा कमी करावा लागतो. पहिल्या प्रसंगी वातानुकूलन चालू करावयाचे आणि दुसऱ्या प्रसंगी मंद करावयाचे, हा भेद वाहन चालविण्याचा परवाना देताना कोणी विचारत नाही.

ज्या गाडीत वातानुकूलन नाही तिच्या चालकाने करावे काय? जुने एस.टी. आणि ट्रकचालक वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळीत, कोणी कापलेला बटाटा फिरवीत. त्याने पाण्याचे थेंब फुटून पातळ पापुद्रा होतो आणि थोडा वेळ तरी पुढचे दिसते. ही युक्ती वापरणाऱ्यांच्या अनुभवाला माझा नमस्कार आहे. परंतु रात्रीच्या वेळी वीस क्रेट टोमॅटो किंवा कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाचा जीव बटाट्याच्या फोडीवर अवलंबून राहावा, ही गोष्ट स्वीकारण्याजोगी नाही. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन केंद्र सरकारने सक्तीचे केले, ते चालकांचा उष्म्याने होणारा थकवा लक्षात घेऊन; त्या नियमाचा घाटातील काचेलाही आपोआप लाभ होईल. पण साडेतीन टनांपर्यंतच्या पिकअप त्या नियमात येत नाहीत, आणि घोटीच्या बाजारातून, इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांच्या शेतांतून कल्याण-वाशीकडे निघणारा माल मुख्यतः याच गाड्यांवर लादलेला असतो.

घाटाच्या माथ्यावर घाटनदेवीचे देऊळ आहे. उतारास लागण्यापूर्वी तेथे थांबून हात जोडणारे चालक आजही आहेत, आणि श्रावणातल्या एका ओल्या सकाळी तेथे उभी असलेली एक पिकअप मी जवळून न्याहाळली. ताडपत्रीखाली कोबी होता. पुढच्या दोन दिव्यांपैकी एकाची काच आतून दुधाळ झालेली होती, म्हणजे तिच्या जोडातून पाणी आत शिरले होते. मागच्या फळीवरची लाल परावर्तक पट्टी चिखलाखाली गेलेली होती. चालक विशीतला. त्याने देवीला नमस्कार करून आल्यावर पायातल्या चपलेने मागचा चिखल खरवडला, पट्टीचा वीतभर तुकडा उघडा केला, डाव्या मागच्या चाकाजवळ वाकून ड्रमला हात लावून पाहिला आणि मग गाडीत बसला. “ज्या गिअरला घाट चढतो, त्याच गिअरला उतरायचा, दादा, ब्रेकवर उतरला की लायनर जळतं,” इतकेच तो म्हणाला. हे ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेले नव्हते. ते खरे होते, पुरेसे मात्र नव्हते, कारण धुक्यात मागून येणाऱ्याला त्याची गाडी दिसणार होती ती त्या वीतभर लाल पट्टीवरून.

शीत प्रदेशांसाठी मोटारींमध्ये ज्या सोयी निर्माण झाल्या त्यांचा विचार या पार्श्वभूमीवर केला, तर त्यांतील कोणत्या आपल्या आणि कोणत्या परक्या हे स्पष्ट होते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात रात्री गाडीचे इंजिन विजेच्या तारेने भिंतीतील प्लगला जोडून उबदार ठेवण्याची, आसने आणि चाक तापविणाऱ्या तारांची, बर्फाच्या टायरांची सवय होते. शून्याखाली वीस-तीस अंशांवर डिझेलमधील मेण गोठते, आणि आपल्याच देशात लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल बाजारात आणले. यांतले काहीही इगतपुरीस लागत नाही. परंतु त्याच शीतप्रदेशीय सामग्रीतील मागील काचेत बसविलेल्या बारीक तारा, ज्यांतून विजेचा प्रवाह गेला की काच तापून वाफ नाहीशी होते; मागच्या काचेचा वायपर; तापणारे बाजूचे आरसे; रस्त्यालगत खाली बसविलेले, प्रकाश रुंद आणि जमिनीसरसा टाकणारे धुक्याचे दिवे; आणि मागच्या बाजूचा प्रखर लाल धुक्याचा दिवा, या गोष्टी जणू याच घाटासाठी घडविलेल्या आहेत. ढगाच्या कणांवर वरचा, लांब पल्ल्याचा प्रकाश टाकला की तो उलटून चालकाच्याच डोळ्यांत येतो आणि पांढरी भिंत उभी राहते. खालून टाकलेला प्रकाश रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दाखवितो. (धुक्यात चारही बाजूंचे इंडिकेटर लावून गाडी चालविण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे ती घातक आहे : ते दिवे उभ्या गाडीची खूण आहेत, आणि ते लावले की वळण्याचा इशाराच उरत नाही.)

मग या सामग्रीची विक्री कशी होते? पुढचे धुक्याचे दिवे आपल्या नियमांत सक्तीचे नाहीत, मागच्या काचेच्या तारा आणि वायपरही नाहीत. म्हणून एकाच मोटारीच्या चार-पाच प्रकारांपैकी वरच्या, महाग प्रकारांत त्या दिल्या जातात, आणि बहुधा छतावरील उघडणारी काच, मोठा पडदा, मिश्रधातूची चाके यांच्या गाठोड्यात बांधून दिल्या जातात. परिणामी ज्या इगतपुरीकराला दिसण्याचे साधन हवे आहे त्याने छताची काच विकत घेतली पाहिजे, आणि ज्याला ती परवडत नाही त्याने साधनाविना घाट उतरला पाहिजे. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, आसनपट्ट्याची आठवण, वेगाचा इशारा आणि मागे घेतानाचे संवेदक सर्व मोटारींत सक्तीचे झाले, तेव्हा सक्तीमुळे मोटारीच विकल्या जाणार नाहीत ही भीती खोटी ठरली. ज्या देशात सह्याद्री, निलगिरी आणि हिमालय आहेत तेथे मागची काच स्वच्छ ठेवण्याची सोय चैनीच्या सदरात टाकणे हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे ठिकाण म्हणजे दोष निघाल्यावर गाडी परत बोलावण्याची व्यवस्था, जिला सर्वत्र ‘रिकॉल’ म्हणतात. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक गाजले आणि पुढच्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा होऊन दोष दडविणे उत्पादकास अवघड झाले. आपल्याकडे त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, २०१२ च्या जुलैमध्ये, वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. स्वेच्छेची, म्हणजे न पाळल्यास कोणताही दंड नसलेली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि त्याने प्रथमच केंद्र सरकारला उत्पादकावर परत बोलावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार दिला : दोषामुळे चालकास, प्रवाशांस, रस्त्यावरील इतरांस किंवा पर्यावरणास अपाय होण्याचा संभव असेल तर गाडीची पूर्ण किंमत परत देणे, किंवा बदली वाहन वा दुरुस्ती, आणि शिवाय दंड, अशी जबाबदारी उत्पादकाच्या माथी आली. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सात वर्षांच्या आतील वाहनांना ते लागू आहेत, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दंडाची रक्कम १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकते. उत्पादकाने दोष स्वतः होऊन कळविला तर दंड नाही, ही तरतूदही त्यात आहे आणि ती शहाणपणाची आहे, कारण शिक्षेच्या भीतीने दडविलेला दोष हा उघड केलेल्या दोषाहून कितीतरी धोक्याचा असतो.

नाशिक जिल्ह्याला या विषयाचा परिचय दुरून नाही. महिंद्र कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीतच आहे आणि मोटारींचा नाशिकमध्ये. दोन्हींत या भागातील हजारो हात काम करतात. नाशिकमध्ये बनणाऱ्या ‘थार’च्या डिझेल गाड्यांपैकी ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या मुदतीत तयार झालेल्या १,५७७ गाड्या कंपनीने पुढच्या फेब्रुवारीत परत बोलावल्या, कारण कॅमशाफ्ट पुरविणाऱ्याच्या कारखान्यातील एका यंत्राची मांडणी चुकलेली होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नाशिक कारखान्यातूनच २१ जून ते २ जुलै या बारा दिवसांत बाहेर पडलेल्या, सहाशेहून कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावण्यात आल्या. एका विशिष्ट दिवशी कारखान्यात आलेले इंधन दूषित होते आणि त्यामुळे इंजिनाचे भाग अकाली झिजण्याचा संशय होता. पुढच्याच महिन्यात जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळातील २९,८७८ पिकअप, एका द्रववाहक नळीची जोडणी नीट झाली नसल्याच्या संशयावरून, विनामूल्य तपासणीस घेण्यात आल्या.

या तीन प्रसंगांत मला उत्पादकाची नालस्ती दिसत नाही. उलट, इंधनाच्या एका खेपेचा माग काढीत बारा दिवसांच्या गाड्या नेमक्या हुडकणे हे कारखान्याचे दप्तर चोख असल्याचे लक्षण आहे. माझी चिंता पुढच्या टप्प्याची आहे. कारखान्याच्या दप्तरात चासीचा क्रमांक आणि पहिल्या खरेदीदाराचे नाव असते. थारचा मालक बहुधा एकच राहतो, त्याला संदेश येतो, तो अधिकृत कार्यशाळेत जातो. पिकअपची गोष्ट निराळी. ती कर्जावर घेतली जाते, हप्ते थकले की वित्तसंस्था ओढून नेते, लिलावात दुसरा घेतो, दोन हंगामांनी तिसऱ्यास विकतो, आणि तिची देखभाल घोटी किंवा शहापूरच्या रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे होते, जो कसबी असतो परंतु ज्याच्याकडे कंपनीचे परिपत्रक कधीच पोहोचत नाही. नळीच्या जोडणीचा संशय कळविणारा तो निरोप पहिल्या मालकाच्या बंद झालेल्या दूरध्वनी क्रमांकावर गेला असेल तर गाडी मात्र कोबी घेऊन घाट उतरतच राहते.

दोषाचा आणि हवामानाचा संबंध तर आपल्या व्यवस्थेने अजून विचारातच घेतलेला नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांमध्ये अमोनियम नायट्रेटचे स्फोटक वापरले होते. उष्णता आणि दमटपणा वर्षानुवर्षे सोसून ते बिघडे आणि अपघाताच्या क्षणी पिशवी फुगण्याऐवजी तिचे धातूचे कवच फुटून तुकडे माणसाच्या गळ्यात घुसत. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगांचे फुगवटा-यंत्र परत बोलवावे लागले आणि २०१७ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. तेथील सरकारने बदलीचा क्रम ठरविताना देशाचे दमटपणानुसार पट्टे पाडले आणि फ्लोरिडा, हवाई, मेक्सिकोच्या आखातालगतची राज्ये यांना अग्रक्रम दिला. तसेच बर्फावर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडील राज्यांपुरते, गंजाने निकामी होणाऱ्या भागांसाठी, स्वतंत्र रिकॉल तेथे होत असतात. आपल्याकडेही ताकाताच्या एअरबॅग असलेल्या मोटारी परत बोलावल्या गेल्या, पण मुंबई, कोकण आणि घाटमाथा यांना विदर्भाच्या कोरड्या उन्हाहून वेगळे मानून नव्हे. ज्या गावावर तीन मीटर पाऊस पडतो तेथील ब्रेकच्या नळ्या, दिव्यांचे जोड, विजेच्या तारांची गुंफण ही लातूर-सोलापूरच्या गाडीपेक्षा निराळ्या वेगाने झिजते, आणि तक्रारींची संख्या देशभराच्या विक्रीशी ताडून पाहिली तर अशा स्थानिक झिजेचा आकडा त्या गर्दीत कधीच उठून दिसणार नाही.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसाऱ्याचा डोंगर काही मिनिटांत ओलांडता येऊ लागला. त्या रस्त्यावर दुचाकींना आणि तीनचाकींना मनाई आहे, आणि टोल वाचविणाऱ्या लहान मालवाहतुकीस तो परवडत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे सुसज्ज मोटारी आहेत त्यांच्यापैकी पुष्कळ बोगद्यातून जातील, आणि जुन्या घाटात उरतील त्या मुख्यतः कमी साधनांच्या गाड्या. म्हणजे घाटाचा धोका नाहीसा झालेला नाही, तो गरिबाच्या वाट्यास अधिक आला आहे.

यावर करता येण्याजोगी एक गोष्ट फार खर्चाची नाही. वाहनाचा आजचा मालक कोण, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या ‘वाहन’ या नोंदीत असते. मालवाहू वाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि प्रदूषणाचा दाखला तर सर्वांनाच ठराविक मुदतीने लागतो. जपानने २०१८ च्या मे महिन्यापासून, ताकाताचे धोकादायक एअरबॅग न बदललेल्या मोटारींना नियतकालिक तपासणीत उत्तीर्ण करणे थांबविले. आपणही परत बोलावलेल्या चासी क्रमांकांची यादी या दाखल्यांशी जोडावी. खासगी मोटारीच्या प्रदूषणाच्या दाखल्यावर रिकॉल बाकी असल्याची नोंद ठळक छापावी. आणि मालवाहू गाडीस, दुरुस्ती विनामूल्य असल्यामुळे, ती करून आणल्याशिवाय योग्यतेचा दाखला देऊ नये. दुरुस्तीसाठी बुडणाऱ्या एका दिवसाच्या भाड्याचा मोबदला उत्पादकाने द्यावा, अन्यथा रोजच्या फेरीवर पोट असलेला माणूस कार्यशाळेकडे वळणार नाही. आणि नाशिकच्या कार्यालयाने घाटातून नित्य जाणाऱ्या गाड्यांच्या योग्यता-तपासणीत मागची परावर्तक पट्टी, वायपरचे रबर आणि दिव्यांतले पाणी यांकडे पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, मुद्दाम लक्ष द्यावे. घाटमाथ्यावर पहिला ढग बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उतरतो.